मिरीच्या वासाचं द्राक्ष: स्क्योप्पेत्तीनोबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर तासगावचं. द्राक्षाच्या मांडवाखालीच लहानाची मोठी झाले आणि आता बरीच वर्षं इटलीत, उदिनेत राहते. इथल्या एका काळ्या द्राक्षाबद्दल मी एकदा लिहिलं, तेव्हापासून प्रश्न येतच आहेत. कुणी मिलानमध्ये शिकणारा विद्यार्थी असतो, कुणी नाशिककडचा बागायतदार, तर कुणी मुलाकडे युरोपात आलेल्या काकू. फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्क्योप्पेत्तीनो म्हणजे द्राक्ष की वाइन?

दोन्ही. इटलीच्या ईशान्य टोकाला फ्रिउली नावाचा प्रदेश आहे. तिथली ही काळ्या द्राक्षाची जात, आणि तिच्यापासून होणाऱ्या रेड वाइनचंही नाव तेच. वाइन मध्यम अंगाची असते, म्हणजे तोंडात ना फार दाट, ना फार पातळ. रंग गडद माणकासारखा, आंबटपणा ताजातवाना आणि तुरटपणा बेताचा. वासात जांभळ्या-काळ्या रानफळांबरोबर ताज्या कुटलेल्या काळ्या मिरीचा ठसठशीत गंध येतो. या मिरीपायीच मला निम्मी पत्रं येतात. तिचं उत्तर प्रश्न ७ मध्ये आहे.

२. नावाचा उच्चार नेमका काय आणि अर्थ काय?

लेबलवरची अक्षरं वाचून बरेच जण ‘शिओपेटिनो’ म्हणतात. इटालियनमध्ये त्या अक्षरांचा उच्चार ‘स्क’ होतो, म्हणून स्क्यो-प्पे-त्ती-नो. ‘प’ आणि ‘त’ दोन्हींवर जोर द्यायचा.

नावाच्या मुळाशी तडतडणं, फटकन फुटणं असा अर्थ आहे. तो कुठून आला याची दोन स्पष्टीकरणं लोक देतात. पहिलं असं, की जाड सालीचा मणी दाताखाली आवाज करून फुटतो. दुसरं असं, की पूर्वीची वाइन बाटलीत पुन्हा थोडी आंबायची आणि जिभेवर चुरचुरायची. मला पहिलं जवळचं वाटतं. तोडणीच्या दिवसांत वेलीवरचा एक मणी मी तोंडात टाकला होता. साल आधी दातांना दाद देत नाही, मग एकदम ‘टच्’कन फुटते आणि गोड रसाचा फवारा टाळ्यावर येतो. मागे दोन-तीन बिया आणि चिवट साल उरते. ती चावत राहिलं की गालांना आतून तुरट ओढ बसते. थॉमसनचे पातळ सालीचे मणी खात वाढलेल्या मला ते भलतंच नवीन होतं.

३. रिबोल्ला नेरा आणि पोकाल्त्सा ही वेगळी द्राक्षं आहेत का?

नाहीत, ही याच द्राक्षाची दुसरी नावं. सीमेपलीकडे स्लोव्हेनियात पोकाल्त्सा म्हणतात आणि त्या शब्दातही फुटण्या-तडकण्याचाच अर्थ आहे. रिबोल्ला नेरा म्हणजे ‘काळी रिबोल्ला’. या नावाने मात्र गोंधळ होतो. फ्रिउलीत रिबोल्ला जाल्ला, म्हणजे पिवळी रिबोल्ला, नावाचं प्रसिद्ध पांढरं द्राक्ष आहे. आपलं द्राक्ष म्हणजे त्याचा काळा प्रकार नव्हे. ही जातच निराळी आहे.

४. ते नक्की कुठे पिकतं?

उदिनेच्या पूर्वेला चिविदाले हे जुनं गाव आहे. त्याच्या आग्नेयेला काही किलोमीटरवर प्रेपोत्तो लागतं. प्रेपोत्तो, त्यातली आल्बाना वाडी आणि शेजारचं चाल्लाचं छोटंसं खोरं हे या द्राक्षाचं घर. बाजूने युद्रिओ नदी वाहते. पहिल्या महायुद्धाआधी इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीची हद्द तिच्यावरूनच जायची. आजही काही अंतर ती इटली आणि स्लोव्हेनियामधली सीमा आहे.

टेकड्यांवरच्या जमिनीला स्थानिक लोक ‘पोंका’ म्हणतात. चिकणमाती-चुन्याचा मऊ दगड आणि वाळूचा दगड यांचे थरावर थर. ढेकूळ हातात घेऊन दाबलं की पापुद्रे सुटतात आणि उन्हापावसात त्याची आपोआप माती होते. दिवसा ऊन आणि रात्री डोंगराकडून उतरणारी गार हवा, यांमुळे द्राक्ष सावकाश पिकतं आणि त्याचा आंबटपणा टिकतो.

५. हे द्राक्ष नामशेष होणार होतं म्हणतात. मग वाचलं कसं?

हे उत्तर लांबणार आहे, कारण यातलं काही गाळावंसं मला वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने युरोपातल्या द्राक्षवेलींची मुळं खाल्ली. उपाय एकच होता. अमेरिकी वेलीच्या खुंटावर आपल्या जातीचं कलम करायचं. म्हणजे बागा मुळापासून नव्याने लावायच्या. नव्याने लावायच्याच, तर भरवशाने पीक देणारी जात लावू, असा विचार शेतकऱ्याने केला तर त्याचं काय चुकलं? फ्रिउलीत मेर्लो आणि काबेर्ने या फ्रेंच जाती पसरल्या. त्यानंतर पहिलं महायुद्ध आलं. इझोन्झो नदीवरची आघाडी इथून जवळच होती आणि ऑक्टोबर १९१७ मध्ये कापोरेत्तो गावाजवळ इटलीची फळी फुटली तीही याच मुलखाच्या डोक्यावर. शेतीची वाताहत झाली. पुढच्या काही दशकांत स्क्योप्पेत्तीनो घरामागच्या परसात, बांधावर, इतर जातींच्या ओळीत चुकून राहिलेली एखादी वेल एवढ्यावर आला.

१९७० साली पाओलो आणि दीना रापुत्सी या जोडप्याने चाल्लाच्या खोऱ्यात एक पडीक शेत घेतलं. पाओलो त्याआधी ऑलिवेत्ती या टाइपरायटरच्या कंपनीत काम करत. त्यांनी ठरवलं, की इथे इथलंच द्राक्ष लावायचं. पण रोपवाटिकांत त्याचं रोपच नव्हतं. प्रेपोत्तोचे महापौर बेर्नार्दो ब्रूनो यांना जुनं द्राक्ष ठाऊक होतं, त्यांनी साथ दिली. मग वाडीवाडीत विचारत, म्हाताऱ्या वेली शोधत दोघं फिरले. हाती लागलेल्या वेली शंभरसुद्धा नव्हत्या. त्यांच्या काड्या घेऊन कलमं बांधली आणि बाग उभी केली.

अडचण अशी, की ही जात लावायला कायद्याची परवानगीच नव्हती (का, ते प्रश्न ६ मध्ये). याच सुमारास, १९७५ मध्ये, ग्राप्पा, म्हणजे द्राक्षाच्या चोथ्याची दारू, गाळणाऱ्या नोनिनो घराण्याने ‘रिसित दाउर’ नावाचा पुरस्कार सुरू केला. फ्रिउलीच्या बोलीत याचा अर्थ द्राक्षाची सोन्याची काडी. स्क्योप्पेत्तीनो, पिन्योलो, तात्सेलेंगे अशा मरणपंथाला लागलेल्या स्थानिक जाती जपणाऱ्या बागायतदाराला तो द्यायचा आणि त्या निमित्ताने सरकारला जागं करायचं, हा उद्देश होता. १९७६ चा पहिला पुरस्कार रापुत्सी पती-पत्नींना मिळाला. म्हणजे कागदोपत्री बेकायदा असलेल्या बागेचा भर सभेत सत्कार झाला. त्याच वर्षी ६ मे रोजी फ्रिउलीत मोठा भूकंप झाला आणि हजाराच्या आसपास माणसं गेली. अशा वर्षात द्राक्षाच्या एका जातीची काळजी वाहणारी माणसं होती, हे मला फार मोठं वाटतं. १९७७ च्या हंगामापासून त्यांची वाइन बाटलीत आली आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात लागवडीचा मार्गही कायद्याने मोकळा झाला.

६. पण सरकार एखाद्या द्राक्षावर बंदी कशाला घालेल? त्यात विषारी काही होतं का?

विषारी काहीही नव्हतं. तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायाने १९७० मध्ये वाइनच्या द्राक्षांचं वर्गीकरण लागू केलं. कुठल्या जिल्ह्यात कुठल्या जाती लावायच्या याच्या याद्या झाल्या. वाइनचं उत्पादन बेसुमार वाढू नये, दर्जा राहावा, हा हेतू रास्तच होता. पण यादी बनते ती शेतात जे दिसतं त्यावरून, आणि स्क्योप्पेत्तीनो शेतात जवळजवळ दिसतच नव्हता. यादीत नाही म्हणून लावता येत नाही, आणि लावता येत नाही म्हणून यादीत येत नाही, असा तो पेच होता. आपल्याकडे देशी भाताच्या जाती जपणाऱ्या शेतकऱ्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

७. वाइनमध्ये मिरी घालतात का?

नाही, एक दाणाही नाही. मिरीचा वास द्राक्षाच्या सालीतूनच येतो. त्यामागे रोटंडोन नावाचा रेणू आहे. काळ्या मिरीचा खास वास ज्यातून येतो, तोच हा रेणू. मिरीच्या वेलीचा आणि द्राक्षवेलीचा नात्याने काही संबंध नाही, तरी दोघी तीच वस्तू घडवतात.

शिराझ वाइनच्या मिरीसारख्या वासाला हाच रेणू कारण आहे, हे ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. पुढे २०११ मध्ये इटलीतल्या संशोधकांना तो स्क्योप्पेत्तीनोतही सापडला. मणी रंग धरू लागल्यापासून तोडणीपर्यंत तो सालीत साठत जातो. रेड वाइन सालींसकट आंबवतात, त्यामुळे तो वाइनमध्ये उतरतो. लागतो किती? रेड वाइनच्या एका लिटरमध्ये १६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या हिश्शाचे सोळा भाग, एवढा असला तरी नाकाला कळतो.

आता यातला मला सगळ्यात प्रिय भाग. रोटंडोन हे नाव आलं सायपेरस रोटंडस या वनस्पतीवरून, म्हणजे आपला नागरमोथा. दिवाळीच्या उटण्यात असतो तोच, आणि बागेत खुरपून खुरपून हात दुखले तरी पुन्हा उगवणारा लव्हाळाही तोच. त्याच्या कंदाच्या तेलात हा रेणू १९६७ साली नोंदला गेला आणि ते काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सुखदेव यांच्या गटाचं होतं. म्हणजे प्रेपोत्तोच्या वाइनमधल्या वासाचं बारसं एका अर्थी पुण्यात झालं. नागरमोथ्याची एक गाठ खलबत्त्यात ठेचून हुंगून बघा. माती, लाकूड आणि त्यांच्या मागून हलकेच येणारी मिरी. वाइनच्या ग्लासात नाक घालून मी पहिल्यांदा हुंगलं, तेव्हा मला नरकचतुर्दशीची पहाट का आठवली, हे पुष्कळ उशिरा कळलं.

८. मग ती तिखट लागते का?

नाही. मिरीचा तिखटपणा पाइपरीन या वेगळ्या पदार्थामुळे असतो आणि तो द्राक्षात नसतो. इथे फक्त वास आहे, जिभेला झणका नाही.

९. मी विकत घेतली, पण मला मिरीचा वास आलाच नाही. बाटली खराब होती का?

बहुधा नाही. दोन कारणं असू शकतात. पहिलं कारण तुमचं नाक. ऑस्ट्रेलियातल्या त्याच अभ्यासात साधारण पाचातल्या एकाला रोटंडोनचा वास भरपूर मात्रेतही आला नाही. हा दोष नव्हे, घडण आहे. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला द्या. माझ्याकडे एकाच टेबलावर दोघी बहिणींमध्ये ‘मिरीच मिरी’ आणि ‘कुठे आहे मिरी?’ असा वाद रंगला होता, आणि दोघीही खरं बोलत होत्या.

दुसरं कारण म्हणजे हंगाम. गार हवेच्या वर्षी आणि सावलीतल्या घडांत रोटंडोन जास्त साठतो. तापलेल्या वर्षी फळाचा गोडवा पुढे येतो आणि मिरी मागे सरते.

१०. शिराझमध्येही मिरी असते. मग वेगळं काय?

अंग आणि आंबटपणा. शिराझ बहुतेक वेळा भरदार आणि दाट असते. स्क्योप्पेत्तीनो सडपातळ, आंबट-ताजी आणि गंधाने पुढे. नाशिकची शिराझ पिऊन सवय झालेल्यांना पहिला घोट ‘पातळ’ वाटतो, अशी पत्रं येतात. त्यांना माझं एवढंच म्हणणं, की जेवणाबरोबर पिऊन मग मत बनवा.

११. बागायतदार म्हणून विचारतो, वेल सांभाळायला कशी आहे?

लहरी. मोठा दोष फळधारणेचा. फुलोऱ्यात पाऊस किंवा गारठा आला की मणी नीट धरत नाहीत. एकाच घडात काही मणी टपोरे आणि काही बारीक राहतात. पिकते उशिरा, साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, त्यामुळे शरदातल्या पावसाची धास्ती असते. घड मोठा असतो, म्हणून चांगले बागायतदार विरळणी करतात. वेलीवर माल कमी ठेवला नाही, तर वाइन पाणचट होते. फायलोक्सेरानंतर लोकांनी ही जात का सोडली (प्रश्न ५), ते बागेत एक हंगाम काढला की समजतं.

१२. मग महाराष्ट्रात लावता येईल का?

मी लावा म्हणणार नाही. आपल्याकडे वेल थंडीने झोपत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्यांवर तिचं वर्ष चालतं आणि वाइनचं द्राक्ष पिकतं फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऊन चढत असताना. फ्रिउलीत उलट आहे. पिकण्याचे शेवटचे आठवडे गार होत जातात आणि मिरीच्या वासाला तोच गारवा हवा असतो. उन्हात पिकवलं तर द्राक्ष येईलही, पण ज्याच्यासाठी लावलं तेच हरवेल. शिवाय परदेशी काडी आणायची तर विलगीकरणाचे नियम आहेत. सामानात लपवून काडी आणणं म्हणजे शेजाऱ्याच्या बागेत रोग सोडणं. कुणाला प्रयोगच करायचा असेल, तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला विचारून, रीतसर.

कलमाचं तंत्र मात्र दोन्हीकडे एकच. आपण क्षार आणि पाणीटंचाईसाठी डॉगरिज खुंट वापरतो, इथे किडीसाठी खुंट वापरतात. खुंटांचं मूळ दोन्हीकडे अमेरिकेतलं.

१३. लेबलवर काय पाहू? नावं बरीच दिसतात.

‘फ्रिउली कोल्ली ओरिएंताली’ हे मोठ्या टापूचं नाव. त्यासोबत ‘स्क्योप्पेत्तीनो दी प्रेपोत्तो’ असं असेल, तर द्राक्ष मूळ गावातलं आणि वाइन निदान वर्षभर लाकडी पिंपात मुरलेली. ‘चाल्ला’ लिहिलं असेल तर ती त्या छोट्या खोऱ्यातली. नुसतं स्क्योप्पेत्तीनो आणि मोठ्या टापूचं नाव असेल, तर बहुधा हलकी, लवकर प्यायची आणि खिशाला परवडणारी. पहिल्यांदा घेताना मी प्रेपोत्तो सुचवते.

१४. किती वर्षं ठेवता येते? कशी वाढायची?

साधी बाटली तीन-चार वर्षांत संपवा. प्रेपोत्तो किंवा चाल्लाची चांगल्या वर्षातली दहा वर्षं आणि त्याहून जास्तही टिकते. आंबटपणा तिला धरून ठेवतो आणि रोटंडोनही सहजी उडून जात नाही. जुन्या बाटलीत तळाला गाळ दिसला तर घाबरू नका, बाटली आदल्या दिवशी उभी ठेवा आणि हलक्या हाताने ओता.

१६ अंशांच्या आसपास वाढा. मुंबईच्या मे महिन्यात ‘खोलीच्या तापमानाला’ या सल्ल्याला काही अर्थ नाही. बाटली आधी फ्रिजमध्ये गार करून घ्या.

१५. कशाबरोबर प्यावी? आपल्या जेवणाशी जमते का?

इथे ती सान दानिएलेच्या प्रोशुत्तोबरोबर (मीठ लावून वाळवलेली डुकराची मांडी), रानडुकराच्या किंवा हरणाच्या रश्श्याबरोबर आणि फ्रिकोबरोबर पितात. फ्रिको म्हणजे मोंताझिओ चीज आणि बटाटा तव्यावर खरपूस भाजून केलेलं जाड थालीपीठ म्हणा ना.

आपल्याकडचा माझा पहिला मान कोल्हापुरी पांढऱ्या रश्श्याला. त्यात नारळाचं दूध, खसखस, मिरी आणि मटणाचा अर्क असतो, लाल तिखट नसतं. मिरीला मिरी भेटते आणि वाइनचा आंबटपणा नारळाचा स्निग्धपणा कापतो. तांबड्या रश्श्याबरोबर मात्र नको. लाल मिरचीने अल्कोहोल जास्त जाळतं आणि तुरटपणा उगाच टोचतो. शाकाहारी ताटात तुपावर परतलेले, मिरपूड घातलेले मशरूम छान, आणि उपवासाची मिरी-जिऱ्याची बटाट्याची भाजीही.

१६. आम्ही शाकाहारी आहोत. वाइन चालेल का?

द्राक्षात प्रश्न नाही, निवळण्याच्या पद्धतीत असू शकतो. वाइन स्वच्छ करायला काही जण अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं प्रथिन, जिलेटिन किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात, काही जण बेंटोनाइट माती, आणि काही जण काहीच नाही. युरोपात अंडं किंवा दूध वापरून त्याचा अंश राहिला असेल, तर लेबलवर लिहावं लागतं. जिलेटिनबद्दल तशी सक्ती नाही. म्हणून ‘व्हीगन’ची खूण पाहा किंवा थेट वाइनरीला विचारा. छोट्या वाइनऱ्या आनंदाने सांगतात.

१७. ही द्राक्षं नुसती खायला मिळतात का?

बाजारात नाही. साल जाड, बिया मोठ्या. बागेत कुणी प्रेमाने दिला तर एक मणी नक्की खा (प्रश्न २).

१८. भारतात कशी मिळेल?

आपल्याकडच्या दुकानांत सहज दिसणारं हे नाव नाही. इटलीहून येणाऱ्या नातेवाइकाला सांगणं सोपं. विमानाने येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला सर्व प्रकारची मिळून दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे नेहमीच्या ७५० मिलीच्या दोन बाटल्या निर्धास्त. बाटल्या मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून ठेवा.

१९. प्रेपोत्तोला जायचं आहे. कधी आणि कसं?

उदिनेहून चिविदालेला छोटी रेल्वे जाते. चिविदाले स्वतःच पाहण्यासारखं आहे, तिथला लोंबार्द या जुन्या राजवटीच्या काळातला वारसा २०११ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पुढे गाडी किंवा सायकल. वाइनऱ्या घरगुती आहेत, आधी फोन करूनच जा. तोडणीच्या दिवसांत गावात जिवंतपणा असतो, पण कुणाला बोलायला वेळ नसतो. निवांत गप्पा हव्या असतील तर मे किंवा जून बरा. तेव्हा युद्रिओच्या काठाने चालत जा. एका बाजूला वेलींच्या ओळी, जूनमध्ये गेलात तर नुकते धरलेले मिरीच्या दाण्याएवढे हिरवे मणी, आणि पाण्यापलीकडे स्लोव्हेनियाचा डोंगर. तिकडच्या शेतकऱ्याला पोकाल्त्सा कुठे दिसेल म्हणून विचारलंत, तर तो हात करून दाखवेल.